मान टाकलेलं फूल

अल्मिरा पीस्लीला आमच्या व्हरमाँटमधल्या गावाने ती नऊ वर्षांची असतानाच मारून टाकलं, आणि तेही तिच्या सख्ख्या आईच्या संमतीने. मी तिची शेजारीण. चाळीस वर्षं आम्ही दोघींनी एकाच खिडकीत बसून टोप्यांसाठी गव्हाच्या काड्यांच्या वेण्या घातल्या आहेत, तेव्हा ऐकीव सांगत नाही.

त्या हिवाळ्यात एक फिरता चितारी पीस्लींकडे उतरला. अल्मिरा आणि धाकटी लोविना, दोघींना सारखे लाल झगे घालून त्याने शेजारी उभं केलं. चेहरे झाले, हात राहिले आणि तो पुढच्या गावी गेला. तो परतेपर्यंत लोविना घटसर्पाने गेली होती. आमच्याकडे गेलेल्या मुलाच्या हातात मान टाकलेलं फूल काढतात, जिवंताच्या हातात टवटवीत. चिताऱ्याने नेमकी अदलाबदल केली. वडील त्याला परत बोलवायला निघाले, तर आई आडवी आली. भिंतीवर तरी माझी लोविना जिवंत राहू दे, म्हणाली.

शाळेत पोरं अल्मिराला 'भिंतीवरची मेलेली' म्हणायची. दर शनिवारी ते चित्र पुसायचं काम मात्र तिचंच. विशीत तिने एकदाच विचारलं, की गाड्या रंगवणाऱ्याकडून फुलं बदलून घेऊ का. अर्ध्या तासाचं काम होतं.

"तुझं काय अडलंय?" आई म्हणाली. "तू आहेस की जिवंत. तिला तेवढंच आहे."

मी असते तर चित्र चुलीत घातलं असतं. अल्मिराने त्या आईला पुढे तीस वर्षं उठवलं, बसवलं, भरवलं. लग्नही केलं नाही. आणि आईने जाताना चित्र गावाच्या वाचनालयाला देऊन टाकलं, वर कुणी त्याला रंग लावायचा नाही अशी अट घातली.

आम्ही बघायला गेलो. खाली चिठ्ठी डकवलेली: 'डावीकडे अल्मिरा, बालपणी निधन.' बोस्टनहून आलेला नवा ग्रंथपाल जवळच होता.

"अल्मिरा मी आहे," ती त्याला म्हणाली. "तेवढं नीट लिहा."

त्याने चष्मा सारखा केला. "पण बाई, फुलाने मान टाकलीय. तुम्ही लोविना असाल."

"लोविना असते," अल्मिरा म्हणाली, "तर आईने चित्र मलाच दिलं असतं."

ती घरी निघून गेली. मी ती चिठ्ठी ओढून काढली. त्याने नवी लावली, तीही मी काढली, मग तिसरीही. आता चौथी लागलीय म्हणे, आणि वाचनालय दुपारी उघडतं.