नोराचे शकुन-अपशकुन

नव्वदच्या दशकात दुबईतल्या अल क्वोजच्या आमच्या ऑफिसात फायलींपेक्षा किस्सेच जास्त साठले होते. फायली निदान कोणी आवरायचं तरी! निम्मे किस्से आमच्या आयरिश सेक्रेटरी नोराचे, आणि तिला हसायला पुण्याचे अकाउंटंट गोडबोले कायम हजर.

*

एकदा मी नव्या बुटांचा खोका टेबलावर ठेवला. नोराने किंकाळी फोडून तो जमिनीवर भिरकावला. "नवे बूट टेबलावर? घरातलं कोणी मरायला हवंय का तुला!"

गोडबोले म्हणाले, "मॅडम, दुबईत येऊनही असल्या अंधश्रद्धा? शेम!"

*

तिच्या गावी एकटा मॅगपाय पक्षी दिसला की त्याला बायकोची खुशाली विचारतात, म्हणजे अपशकुन टळतो. इथे मॅगपाय कुठला? ती साळुंकीवर भागवायची. एका सकाळी खिडकीकडे बघून म्हणाली, "गुड मॉर्निंग सर, मिसेस कशा आहेत?"

नेमके आमचे अरब मालक खिडकीपाशी उभे! म्हणाले, "अल्हमदुलिल्ला, बरी आहे. पण तू तिला कधी भेटलीस?"

*

मग नोराला दिवस गेले. आधीचं बाळ पोटातच गेलं होतं, त्यामुळे आम्ही सगळेच धास्तावलेले. गोडबोले मात्र हौसेने बाबागाडी घेऊन आले. नोरा पांढरीफटक पडली. "बाळाआधी गाडी घरात नेत नाहीत!" म्हणत रडायलाच लागली.

मी म्हटलं, "अहो, आपल्याकडेही आधी कपडे घेत नाहीत."

"म्हणजे दोन्हीकडे तेच? खलास!" गोडबोले ओरडले. पण गाडी मुकाट्याने गोडाउनमध्ये नेऊन ठेवली.

*

आणि तो गुरुवार! शुक्रवारच्या सुट्टीआधीचा हाफ डे, ऑफिस रिकामं, नोराचा नवरा समुद्रात ऑइल रिगवर, आणि तिला कळा सुरू झाल्या. गोडबोल्यांनी तिला आपल्या गाडीत पुढे बसवलं, मी मागे.

पहिल्याच वळणावर काळं मांजर आडवं गेलं. गोडबोल्यांनी करकचून ब्रेक दाबला.

"काय झालं?" नोरा विव्हळली.

"वन मिनिट, मॅडम. आधी दुसरी गाडी जाऊ दे."

मी थक्क! हे आमचे गोडबोले? रस्त्यावर तर चिटपाखरू नव्हतं. "अहो, बाळ इथेच होईल!" मी किंचाळले.

ते घामाने थबथबले होते, पाय ब्रेकवरच. "मागच्यासारखं काही झालं तर? माझ्याच्याने नाही होणार!"

नोराने दार उघडलं. पोट धरून उतरली, मांजर गेलं ती जागा ओलांडून पलीकडे उभी राहिली आणि ओरडली,

"आमच्याकडे काळं मांजर लकी असतं! मी ओलांडलं. आता यल्ला, चला, गोडबोले!"

शनिवारी गोडबोल्यांनी गोडाउनमधून बाबागाडी बाहेर काढली. हँडलला लिंबू-मिरची लटकत होती!