इंजिनाची कडी आणि कपाटातलं मायक्रोमीटर

अठरा मार्च, दुपारी चार. रक्कम बेचाळीस हजार पाचशे. हजर आम्ही तिघं: मी, माझे थोरले भाऊ आणि आमच्या शेडमधले ग्राइंडिंगचे मिस्त्री. टेबलावर पाच पोलादी कड्या होत्या आणि त्या नापास झाल्याचा कागद.

सांगलीच्या औद्योगिक वसाहतीत माझी छोटी शेड आहे. चार मशिनं, सहा माणसं. वर्षभर आम्ही पंपांचे आणि ट्रॅक्टरचे भाग करतो. त्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीनं पहिल्यांदाच वेगळं काम दिलं. विमानाचं जेट इंजिन जमिनीवर घट्ट बांधून चालवून पाहतात, त्या चौकटीत बसणाऱ्या पाच कड्या. बाहेरचा व्यास एकशे ऐंशी मिलिमीटर, चुकीला मुभा पाच मायक्रॉनची. केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, म्हणजे केसाचा चौदावा भाग. एका कडीचे साडेआठ हजार. या पाच पास झाल्या तर पुढचं काम आमचं, नाहीतर शेड पुन्हा पंपांवर. कंपनीनं सुधारायला दोन आठवडे दिले होते.

मिस्त्री मिरजेचे. एकोणीस वर्षं माझ्याकडे आहेत. एका कडीला दीड हजार मजुरी ठरली होती. त्या दुपारी मी साडेसात हजारांचं पाकीट पुढं केलं, तर त्यांनी हात मागं घेतला.

"नापास मालाची मजुरी घेऊ व्हय मालक? हात चुकला माजा. डोळंबी आता पयल्यासारखं न्हाईत."

मला ते ऐकवेना. त्याच दिवशी एका दलालाचा फोन आला होता. तशाच कड्या, चिनी, तयार, अकरा हजाराला एक. कडीमागं अडीच हजारांचा तोटा, पण पुढचं काम हातचं गेलं नसतं. मी ते भावांना सांगितलं. ते आदल्या दिवशीच फलटणकडच्या आमच्या गावाहून एसटीनं आले होते. हवाई दलात त्यांची सगळी नोकरी जेट इंजिनं उघडण्यात आणि परत जोडण्यात गेली. आता ऊस बघतात, पण आभाळात आवाज आला की अजून मान वर जाते.

"घे की," ते म्हणाले. "त्यात पाप न्हाई. चीननं सोताबी तेच केलं. इमानं आपली केली, पर इंजिनं किती वर्सं रशियाची बसवली."

"मग आता स्वतःची कशी झाली, दादा?"

"एका बाजूला इकत घेत ऱ्हायले आन दुसऱ्या बाजूला आपली करून बघत, मोडत ऱ्हायले. इंजिनाचं पातं लय वंगाळ जिन्नस हाय बघ. बाहेरनं माप घेऊन तसंच करता येतंय, पर आगीत टिकत न्हाई. आन त्यांनी एक शानपना केला. घरचं इंजिन पयल्यांदा दोन इंजिनांच्या इमानाला लावलं. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर पोरगं घरी येतंय. एका इंजिनाच्या इमानाला लय दिस रशियाचंच ठेवलं. इश्वास बसल्यावर बदललं."

"तुमी त्यांचं कवतिक करताय?" मिस्त्रींनी विचारलं.

"समोरचा पैलवान चांगला असला तर चांगला म्हनावं की. आपलं हलकं लढाऊ इमान अजून अमेरिकेच्या इंजिनावर उडतंय. मला त्ये टोचतंय, म्हनून सांगतोय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू घे इकत. पर आपलं काय चुकलं ते न शोधता घेतल्यास, तर फुडच्या खेपेलाबी दलालाचाच फोन."

मी नापासाचा कागद पुन्हा वाचला. या वेळी आकडे एकाखाली एक लिहिले. पाचही कड्या कमी भरल्या होत्या: सव्वीस, अठ्ठावीस, सत्तावीस, एकोणतीस, सत्तावीस मायक्रॉन. ज्याचा हात चुकतो त्याची एक कडी जास्त येते, एक कमी. या पाचांत मिळून फरक फक्त तीन मायक्रॉनचा होता.

"मिस्त्री, हात तुमचा चुकलेला नाही," मी म्हणालो. "हात चुकला असता तर पाच कड्या पाच तऱ्हेच्या झाल्या असत्या. चूक मापात आहे. पण माप घ्यायचं मायक्रोमीटर नवीन आहे, मी जिवापाड जपतो."

मिस्त्री पहिल्यांदा हसले. "जपता म्हंजे काय. आमी पत्र्याखाली भाजतोय आन तुमचं मायक्रोमीटर एसीत झोपतंय."

भावांनी चहाचा कप खाली ठेवला. "कुठं झोपतंय म्हनालात?"

ती सवय माझी होती. महागाचं हत्यार म्हणून मी ते ऑफिसच्या कपाटात कुलपात ठेवत असे. शून्य तिथंच जुळवायचं, शेडमध्ये न्यायचं, मशिनवरून उतरलेल्या कडीचं माप घ्यायचं आणि परत कुलूप. भावांनी थर्मामीटर मागवला. ऑफिस चोवीस अंश. मशिनवरून नुकतीच उतरलेली कडी अडतीस. एवढ्या व्यासाचं पोलाद एका अंशाला दोन मायक्रॉन फुगतं. फरक चौदा अंशांचा, म्हणजे अठ्ठावीस मायक्रॉन. फुगलेली कडी थंड मापाला मोठी दिसायची, म्हणून मिस्त्री तेवढी जास्त घासायचे. मी लावलेल्या कुलपानंच कड्या नापास केल्या होत्या.

"तुझ्या काटेकोरपनाला काय म्हनावं रं," भाऊ म्हणाले.

दलालाला नको म्हणून कळवलं. मायक्रोमीटर कपाटातून बाहेर आलं ते कायमचं. नव्या पाच कड्या मिस्त्रींनी घासल्या. दर वेळी कडी आणि मायक्रोमीटर ग्रॅनाइटच्या फरशीवर शेजारी शेजारी ठेवायचं, पंखा बंद, चार तास कुणी हात लावायचा नाही, मग माप. भाऊ गावी गेलेच नाहीत. स्टूल टाकून राखणीला बसायचे आणि कुणी जवळ आलं की "लांबनं" म्हणायचे. दिवसाला एक कडी व्हायची, कधी तीही नाही. एकतीस मार्चला पाचही पुण्याला गेल्या.

आठवड्यानं उत्तर आलं. पाचही पास, सगळ्यात मोठी चूक तीन मायक्रॉन. शेरा असा काही नव्हता, पुढच्या चाळीस कड्यांची ऑर्डर सोबत जोडलेली होती. मी कागद मोठ्यानं वाचून दाखवला. मिस्त्रींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि आकडे स्वतः वाचून घेतले. भावांनी नापास कड्यांतली एक मागून घेतली, टॉवेलात गुंडाळली आणि गावी नेली. आपलं इंजिन आपल्या विमानात अजून बसायचं आहे हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी आल्यागेल्याला ती कडी ते हातात देतात आणि "बघ, सांगलीत झालीय" म्हणतात. नापास आहे हे सांगत नाहीत.

कंपनीकडून बेचाळीस हजार पाचशे पूर्ण जमा झाले. पहिल्या पाच कड्यांचं पोलाद माझ्या अंगावर गेलं, आणि ते योग्यच. दलालाला काही द्यावं लागलं नाही. मिस्त्रींना पंधरा हजार दिले: पास कड्यांचे साडेसात आणि नापास कड्यांचे साडेसात. या वेळी त्यांनी दोन्ही पाकिटं घेतली.