तांदळाच्या डब्यातला पासपोर्ट

ज्या बाईने माझ्या मुलीचा पासपोर्ट तांदळाच्या डब्यात लपवून ठेवला, ती आत्ता वरच्या खोलीत शांत झोपली आहे. रात्रीचा एक वाजून गेला. मला मात्र झोप नाही. तिने संध्याकाळी मला जे सांगितलं ते खरं असेल, तर मी तिचे पाय धरायला हवेत. खोटं असेल, तर सकाळी तिचं सामान रस्त्यावर असायला हवं. दोन्हींपैकी काय ते मला अजून ठरवता येत नाही.

तिचं नाव जेनालिन. वय एक्केचाळीस. फिलिपिन्समधल्या दावाओकडची, तिकडेही मैलोन् मैल केळीच आहेत म्हणे. भडगावात पाचोरा रोडला दलिचंदभाऊंनी परदेशात केळी पाठवण्यासाठी पॅकहाऊस काढलं. घड बागेतून कसा आणायचा, फण्या कशा कापायच्या, पाण्यात किती वेळ ठेवायच्या आणि खोक्यात कशा बसवायच्या, हे शिकवायला त्यांनी हिला दोन वर्षांच्या करारावर आणलं. माझी मोहिनी तिथेच नोंदी ठेवण्याचं काम करते. बी.एस्सी. झाली आहे, बावीस वर्षांची आहे.

जेनालिन राहणार होती खरं तर दलिचंदभाऊंच्याच बंगल्यामागच्या खोलीत. कुसुमलताभाभींनी तिला पहिल्या दिवशी दाल-बाटी वाढली आणि जेवता जेवता हळूच विचारलं, "ये मछली खाती होगी?" जेनालिन आनंदाने म्हणाली, "हां भाभी, रोज." झालं. दुसऱ्या दिवशी भाऊ आमच्या दारात उभे.

"ताई, तुमच्याकडे चालतं ना ते सगळं?" ते म्हणाले.

आमच्याकडे महिन्यातून एकदा मटण होतं, तेही मागच्या अंगणातल्या चुलीवर. पण मोहिनी त्यांच्याकडे कामाला, नाही कसं म्हणायचं? वरची खोली दिली. परदेशी माणूस घरात ठेवला की चोवीस तासांत पोलिसांकडे फॉर्म भरावा लागतो. तो मीच भरला. मोहिनीचे पप्पा म्हणाले, "तू धुळ्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकलीस, एवढ्याचसाठी शिकलीस बहुतेक."

पहिल्या आठवड्यातच मला ती नकोशी झाली. गच्चीची किल्ली सापडेना म्हणून मी तिला विचारलं. ती बोलली काहीच नाही, मोहिनीच्या पप्पांकडे पाहून ओठांचा चंबू केला. किल्ली यांच्या खिशात होती, ती त्यांनी काढून दिली. पण त्या चंबूचं काय? तिच्या देशात बोट दाखवणं उद्धटपणाचं, म्हणून लोक ओठांनी दाखवतात, हे मोहिनीने मला दोन दिवसांनी हसत हसत सांगितलं. त्या दोन दिवसांत यांच्या ताटात मी मीठ वाढलं होतं की नाही, मला आठवत नाही.

मग रात्रीचं सुरू झालं. रोज अडीच वाजता वरचा दिवा लागायचा आणि तिचा आवाज यायचा. आधी हळू, मग दटावणीचा, मग एखाद्या पुरुषाचं आळसावलेलं "ऊंऽऽ". मी चार रात्री जागून ऐकलं. पाचव्या रात्री चपला न घालता जिना चढले. दार अर्धं उघडंच होतं. फोन उशीला टेकवलेला, त्यात एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा पांघरुणातून तोंड बाहेर काढत होता. आमच्याकडे अडीच वाजतात तेव्हा त्याच्याकडे पहाटेचे पाच. शाळा सहाची. तो तिच्या बहिणीकडे राहतो, पण बहिणीच्या हाकेने उठत नाही. आईच्या हाकेने उठतो, मग आई कुठल्याही देशात का असेना. जूनजून त्याचं नाव. तिने मला दारात पाहिलं आणि फोन माझ्याकडे वळवला. "जूनजून, से हॅलो टू अक्का." पोरगं अंथरुणात उठून बसलं आणि नमस्कार केल्यासारखा कपाळाला हात लावून काहीतरी म्हणालं. मी खाली आले. खजील झाले, पण निर्धास्त झाले नाही. जी बाई इतक्या लांबून पोराला उठवू शकते, ती इथे बसून आणखी काय काय करू शकत असेल, असंच माझ्या मनात आलं.

तिचं बोलणं ऐकावं असं आहे. आधी कामाला होती त्या कुवेतमध्ये केरळच्या नर्सबाया आणि पाकिस्तानी ड्रायव्हर यांच्याकडून उचललेली हिंदी, वर इंग्रजी, आणि आता पॅकहाऊसच्या बायांकडून आलेली अहिराणी. अहो-जाहो तिला माहीतच नाही. दलिचंदभाऊंनाही "तू" म्हणते. कोणी विचारलं कशी आहेस, तर म्हणते, "बठ्ठा फाइन शे," म्हणजे सगळं छान आहे. सकाळ-दुपार-रात्र भात खाते. कच्च्या पपईचं सिरक्यातलं लोणचं करते, ते मोहिनी चाटून खाते. आमच्या न्हाणीघरातली बादली आणि पाण्याचा मग पाहून तिला म्हणे घरी आल्यासारखं वाटलं. कुवेतमध्ये तेवढंच नव्हतं, बाकी सगळं होतं, असं म्हणाली आणि भात चढवायला उठली. कुवेतचा विषय निघाला की ती नेहमीच अशी उठून जायची. माझ्यासारखीला संशय घ्यायला तेवढं पुरतं.

एकदा मोहिनीचा डबा द्यायचं निमित्त काढून मी पॅकहाऊसवर गेले. जेनालिन टाकीच्या काठावर उभी होती. तिने पाण्यातून एक फणी उचलली, उलटी केली, न बोलता बाजूला ठेवली. डाग मला दिसलाही नाही. शेजारी फण्या पुसणाऱ्या शेवंताबाई मला म्हणाल्या, "ही बाई डोया मीचीसनी बी डाग वयखस. मालकले अरेतुरे करस, न केयास्ले लेकरूगत धरस."

"केळ्यांना लेकरासारखं धरते, पण तुम्हाला त्रास देते का?" मी विचारलं.

"तरास कसाना? त्या दिन मुकादमशी भांडनी." शेवंताबाईंनी आवाज खाली केला. "आमना आधार कार्ड त्यानी ठी लिधात ना, ते बठ्ठा परत लेवाडात. म्हने, कागद ज्याना त्यानाजोडे र्‍हायले पाहिजे."

मुकादमाने ठेवून घेतलेली आधार कार्डं तिने परत मिळवून दिली, म्हणून बायांना तिचं कौतुक होतं. मी मात्र परतीच्या वाटेवर एकच विचार करत होते, की या बाईला दुसऱ्यांच्या कागदपत्रांची एवढी पडली आहे कशाला?

त्याचं उत्तर आज दुपारी मिळालं असं मला वाटलं. मोहिनी रविवारपासून धुळ्याला माझ्या भावाकडे आहे. मामेबहिणीचा साखरपुडा आहे. वरच्या टाकीचं पाणी वाहायला लागलं म्हणून मी वर गेले, कॉक बंद केला. तिची खोली उघडी होती. आत जायचं कारण नव्हतं, तरी गेले. तिचा तांदळाचा स्टीलचा डबा कोपऱ्यात होता. मी स्वतः माझ्या बांगड्या उडदाच्या डब्यात ठेवते. आमच्याकडे बहुतेक बायका ठेवतात. त्यामुळे कुठे हात घालायचा हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. कोपरापर्यंत हात घातला आणि प्लॅस्टिकची पिशवी लागली. आत मोहिनीचा पासपोर्ट.

हा पासपोर्ट मागच्या वर्षी काढला, ओळखपत्र म्हणून उपयोगी पडेल असं मोहिनी म्हणाली होती. तो आमच्या लोखंडी कपाटात, दहावी-बारावीच्या मार्कशीटसोबत असायला हवा होता. मी खाली येऊन कपाट उघडलं. मार्कशीट होत्या.

संध्याकाळी सात वाजता जेनालिन आली. मी पासपोर्ट टेबलावर ठेवून बसले होते. मोहिनीचे पप्पा आमच्या दुकानात होते, आणि तेच बरं होतं. तिने पासपोर्टकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पायातले बूट काढले, नीट भिंतीशी लावले आणि समोर बसली.

"तू डबा उघडला," ती म्हणाली.

"उघडला. आता तू तोंड उघड."

तिने सांगितलं ते असं. मोहिनीला चाळीसगावचा कुणी सुकदेव नावाचा एजंट भेटला आहे. कुवेतमध्ये फळांच्या गोदामात सुपरवायझरची नोकरी, राहणं-खाणं फुकट. व्हिसासाठी मूळ पासपोर्ट आधी त्याच्या हातात द्यायचा. मागच्या महिन्यात मोहिनी पासपोर्ट घेऊन जेनालिनकडे आली, कुवेतची माहिती विचारायला. जेनालिनने पासपोर्ट बघायला मागितला आणि परत दिला नाही. तिकडच्या मैत्रिणीकडून चौकशी करून घेते, तोवर माझ्याकडे राहू दे, असं सांगितलं. मैत्रीण वगैरे कोणी नाही. महिना झाला, ती रोज एक नवं कारण सांगते आहे.

"मीही गोदामच्या नोकरीला गेले होते," ती म्हणाली. "विमानतळावर एक बाई आली, पासपोर्ट घेतला, घरी नेलं. सहा मुलं, चार मजले. पासपोर्ट मॅडमच्या कपाटात. दोन वर्षं चार महिने. त्यात माझी आई गेली. मॅडम म्हणाली, आई गेली ना, मग आता जाऊन काय करणार?"

हे ती रडत सांगत नव्हती. केळीच्या फणीवर डाग कुठे आहे ते सांगावं, तसं सांगत होती.

"मग मला का नाही सांगितलंस? मी तिची आई आहे."

"म्हणूनच नाही सांगितलं. तू तिला घरात बसवशील. काम बंद, फोन बंद. मग ती एका रात्री पळून जाईल. माझ्या आईनेही दाराला कडी लावली होती, अक्का. मी खिडकीतून गेले."

मी तेच केलं असतं, हे तिला तीन महिन्यांत कळलं होतं. पण चोरी पकडली गेली की माणूस अशीच गोष्ट सांगतो, हेही मला कळतं. सुकदेव खरा असेल आणि ही त्याचीच माणूस असेल तर? मुली हेरायच्या, पासपोर्ट गोळा करायचे, वर राहायला एक भलं घर बघायचं. पेपरात असं काय कमी येतं?

"तुझ्यावर विश्वास का ठेवू?" मी सरळ विचारलं.

"नको ठेवू." तिने खिशातून केळीला लावायच्या स्टिकरचा कागद काढला, मागच्या बाजूला नंबर लिहिला. "एरंडोलला दिपमाला नावाची मुलगी आहे. मागच्या वर्षी याच माणसाकडून गेली, आता परत आली आहे. पॅकहाऊसच्या एका ट्रक ड्रायव्हरने सांगितलं मला. हा तिच्या आईचा नंबर. मुलगी बोलत नाही. आई बोलते."

मग ती उठली आणि पासपोर्टकडे ओठांनी दाखवलं. "तो तुझ्याकडेच ठेव. मोहिनीला सांगू नको मी सांगितलं म्हणून. माझ्याशी बोलणं बंद केलं तर मला काहीच कळणार नाही." जिन्यात थांबून एवढंच म्हणाली, "तांदूळ सांडलेत का? मला भात टाकायचा आहे."

सांडले होते. मी ते वेचूनही ठेवले नव्हते.

रात्री मोहिनीच्या पप्पांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुला सगळ्यातच काळंबेरं दिसतं. सकाळी दलिचंदभाऊंना फोन कर, खोली बदला म्हणावं. झंझट नको." आणि झोपले. भाऊ पहाटे उठतात, सामायिकाला, म्हणजे जैन ध्यानाला, बसतात, साडेसहाला फोन घेतात. माझ्या एका फोनवर जेनालिनची खोली जाईल, बहुतेक कामही. आणि मोहिनी धुळ्याहून परत येईल तेव्हा वरची खोली रिकामी असेल, सुकदेवचा फोन मात्र चालूच असेल. पासपोर्ट मी दडवला तर ती हरवल्याची तक्रार करून दुसरा काढेल. माझी मुलगी आहे, तेवढं डोकं तिला नक्की आहे.

मोहिनीला आत्ता फोन करावा असंही वाटलं. भावाच्या बायकोला दहा वाजता मेसेज केला होता, "मोहिनी काय करते?" तिने मेंदी काढतानाचा फोटो पाठवला. फोटोत मोहिनी हसते आहे, डाव्या हातावर मेंदी आणि उजव्या हातात फोन. त्या फोनवर कोण आहे, हे मी फोटो मोठा करून करून पाहिलं. दिसत नाही. धुळ्याची बस चाळीसगावावरून जाते. रविवारी ती तिथे उतरली नसेल कशावरून? या प्रश्नाला उत्तर नाही, आणि तो मी तिला विचारला तर ती पुन्हा कधीच खरं सांगणार नाही. वरच्या परक्या बाईला हे माझ्याआधी कळलं, याचा मला राग येतो आहे. तिच्यावर की माझ्यावर, ते सकाळी बघू.

दलिचंदभाऊंना फोन करायचा नाही, असं मी ठरवलं आहे. निदान उद्या तरी नाही. मोहिनीलाही नाही. सहा वाजता, दुधाचं भांडं गॅसवर चढवायच्या आधी, एरंडोलचा तो नंबर लावायचा. पलीकडची बाई शिकवून ठेवलेली असू शकते, हे मी धरून चालले आहे. म्हणून सुकदेवचं नाव मी आधी घेणार नाही. फक्त म्हणेन, "मी भडगावहून बोलते, मलाही एक मुलगी आहे," आणि गप्प बसेन. पुढे ती काय बोलते, किती वेळाने बोलते, आणि बोलताना तिचा आवाज कुठे अडकतो, ते ऐकायचं.