वडिलांना खरं सांगणारी सिस्टर

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते पिंपरीतल्या एका सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंचे. सगळे त्यांना सिस्टर म्हणत.

काचबिंदूने वडिलांची नजर गेली तेव्हा मी नुकताच बी.ए. झालो होतो. घरात पहिलाच. डॉक्टरांनी समोर बसलेल्या वडिलांना वगळून मला इंग्रजीत सांगितलं, की गेलेली नजर परत येणार नाही. आपल्याला इंग्रजीत सांगितलं याचा मला अभिमान वाटला. त्या अभिमानाची आजही चीड येते. घरी मी सांगितलं, "सहा महिन्यांनी चष्म्याचा नंबर लागेल, मग दिसेल."

मग सांगवीचे नातेवाईकही काम सुटून घरी बसलेल्या वडिलांशी तेच बोलू लागले. "कंपनी वाट बघतीय राव तुमची." वडील खाटेवर बसून नंबराची वाट बघत. काठी दिली की भिरकावत. "मी काय आंधळा हाय व्हय?"

डोळ्यांचा ठणका थांबावा म्हणून सिस्टर थेंब घालायला घरी येत. सहा महिने होत आले तेव्हा वडिलांनी विचारलं, "बाई, नंबर कवा लागायचा?" मी खुणेनं त्यांना गप्प राहायला सांगितलं. त्यांनी वडिलांचा हात हातात घेतला. "नाही लागणार, बाबा. ही नजर परत यायची नाही."

वडील दोन दिवस जेवले नाहीत. मी संतापून दवाखान्यात बाईंविरुद्ध तक्रारीचा अर्ज दिला, झोकदार इंग्रजीत.

बाई मात्र रोज ड्यूटी संपली की येऊन बसत. वडील शिव्या देत, त्या ऐकून घेत. एक दिवस म्हणाल्या, "रडायचं तर रडा. याला बाहेर पाठवते." मी ओट्यावर उभा राहून वडिलांचं रडणं ऐकलं.

आत गेल्यावर वडिलांनी विचारलं, "तुला ठावं व्हतं?"

"हो."

"सा म्हयनं येड्यावानी बसवलंस मला. काठी कुठाय?"

पुढच्याच आठवड्यात माझ्या अर्जावरून बाईंची चाकणला बदली झाली. तिकडे मी पत्र पाठवलं:

"सिस्टर, सप्रेम नमस्कार. तुमच्याविरुद्धचा अर्ज माझाच होता. चूक माझी होती, असा दुसरा अर्ज दिला आहे. पण बदली रद्द होत नाही म्हणतात. वडील काल एकटे नळापर्यंत गेले. वाटेत धडपडले, पण मला हात लावू दिला नाही. माझ्याशी ते नीट बोलत नाहीत. तुम्ही का येत नाही, असं विचारत होते. माझ्यामुळे, असं मी सांगितलं आहे."