साडूंच्या जीपची गळती

आमच्या थोरल्या साडूंनी मला जेवढे धक्के दिले तेवढे आयुष्यात दुसऱ्या कुणीही दिले नाहीत, विजेच्या उघड्या वायरीनेसुद्धा नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान मूळचे दुष्काळी माण तालुक्यातले, दहिवडीकडचे. फौजेत ड्रायव्हरकी करून साताऱ्यात स्थायिक झालेले. घागरभर पाण्यासाठी कोसभर पायपीट करणाऱ्या गावात वाढल्यामुळे की काय, जगात कुठेही काहीही थेंब थेंब गळताना दिसलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. खिशात कायम वायसर आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. सांगलीला आमच्याकडे आले की चहाच्या आधी मोरीतला नळ तपासायचे. मी टायफॉइडने दवाखान्यात पडलो होतो तेव्हा मला बघायला आले, सलाइनच्या नळीत पडणारे थेंब त्यांनी क्षणभर पाहिले आणि सवयीने त्यांचा हात तिकडे गेला. नर्स ओरडत धावली म्हणून आज मी हे लिहायला आहे.

त्यांच्या एकुलत्या एका लेकीच्या लग्नात तर आम्ही सगळेच हबकलो. पाठवणीची वेळ, बायका डोळे पुसताहेत, पोर हुंदके देत बापाला शोधते आहे, आणि बाप फेट्यासकट नवरदेवाच्या मोटारीखाली आडवा. तिथे त्यांना तेलाचा एक ठिपका दिसला होता. तो बोटावर घेऊन त्यांनी जिभेला लावून पाहिला, गिअरचं तेल असल्याचं जाहीर केलं, कुठला तरी नट आवळला आणि काळ्या हातांनी बाहेर येऊन पोरीला म्हणाले, "जा आता. गळत न्हाई." बापलेकीचा निरोप एवढाच. व्याही महाबळेश्वरजवळचे, स्ट्रॉबेरी लावणारे, सालस माणूस. ते आ वासून बघत राहिले, आणि आम्ही त्यांची नजर चुकवत राहिलो.

लग्नानंतर साडूंनी फौजेच्या लिलावातली एक जुनी फोर-व्हील जीप घेतली. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाले, लेक डोंगरात दिलीय, चारही चाकांनी ओढणारी गाडी दारात पाहिजे. जीप आली त्या दिवशीच त्यांनी ती लाकडी ठोकळ्यांवर चढवली आणि तिच्या पोटाखाली शिरून पुसपास केली. थोड्याच दिवसांत पुढच्या दोन्ही चाकांतून तेल झिरपू लागलं. खुद्द साडूंच्या दारात, त्यांच्याच गाडीतून! मला तर बातमी ऐकूनच खरं वाटेना. त्यांनी चाकं उतरवून आतले तेल अडवणारे रबरी सील बदलले. पुन्हा ओल आली. पुन्हा बदलले, पुन्हा तेच. दुसऱ्या कुणाला गाडीला हात लावू देतील तर ते साडू कसले! त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. "माझ्या दुखण्यात यांनी कधी एवढी काळजी केली नव्हती," असं मेव्हणीने माझ्या बायकोला ऐकवलं.

अशात लेकीला आठवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा तिला साताऱ्याला आणायची होती, आणि आषाढातला पाऊस तर डोंगरावर थांबायचं नाव घेत नव्हता. व्याह्यांनी निरोप धाडला, शेजारच्यांची टॅक्सी आहे, त्यांचं रोजचं घाटात जाणंयेणं आहे, आम्हीच पोरीला आणून सोडतो. साडूंनी उलट कळवलं की बाप धडधाकट असताना लेक भाड्याच्या गाडीने माहेरी येणार नाही. मग त्यांनी जीपला परत नवे सील घातले आणि सोबतीला म्हणून मला सांगलीहून बोलावून, शेजारी बसवून निघाले.

घाट चढून आम्ही पोचलो. लेकीची ओटी भरून झाली, पिशव्या उंबऱ्यापाशी आल्या. निघण्याआधी साडू जीपखाली शिरले ते बाहेर येईचनात. मी वाकून पाहिलं. दोन्ही चाकांच्या आतून तेलाचे ओघळ आले होते. पुढच्या चाकांमधल्या लोखंडी कण्याला मेकॅनिक लोक हौजिंग म्हणतात. त्याच्या वरच्या अंगाला एक बारीक भोक होतं आणि त्यात बाभळीची खुंटी ठोकलेली होती. साडूंनी ती पकडीने उपसली तशी आतली हवा फस्स करून तेलासकट त्यांच्या तोंडावर आली. हौजिंग तापलं की आतली हवा बाहेर पडावी म्हणून ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. फौजेत हे सगळं शिकलेला हा माणूस. पण जीप आणली त्या दिवशी त्या भोकाभोवती जराशी ओल दिसली आणि त्यांना राहवलं नाही. तेव्हापासून कोंडलेली हवा तेलाला सीलमधून बाहेर ढकलत होती. "मीच कोंडली व्हती, पाव्हणं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता, आणि मला खरंच वाईट वाटलं.

खुंटी निघाली, पण तेल ब्रेकच्या लायनरांवर पसरलं होतं, म्हणजे ब्रेक लागेलच याचा नेम नव्हता. मला वाटलं, थोडं पुसून हे आता गाडी सुरू करणार. त्यांनी हात पुसले, व्याह्यांपुढे जाऊन उभे राहिले आणि मान खाली घालून म्हणाले, "तुमची टॅक्सी बोलवा. माज्या गाडीत लेकीला बसवत न्हाई मी." त्यांनी स्वतः पोरीला टॅक्सीत मागे बसवलं, पाठीला उशी दिली, विहीणबाईंना शेजारी बसवलं आणि ड्रायव्हरला हात जोडून सावकाश जायला सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चला पाव्हणं, बसा." ज्या गाडीत लेकीला बसवायची त्यांची छाती होत नव्हती, तिच्यात त्यांना माझ्यासारखा साडू चालत होता. या नात्याची किंमत मला त्या दिवशी नेमकी कळली.

साडूंनी चारही चाकं इंजिनाला जोडली, उतारावर वेग आवरावा म्हणून जीप सगळ्यांत जड गिअरात घातली आणि ब्रेकला शक्यतो पाय न लावता टॅक्सीच्या मागोमाग घाट उतरायला घेतला. मी जीव मुठीत धरून बसलो होतो. धुकं एवढं दाट की पुढे दोन तांबडे दिवे तेवढे दिसत होते, आणि साडूंची नजर त्यांच्यावरून हलत नव्हती. बरीच वळणं अशीच गेली. मग ते हळूच म्हणाले, "तुमची नजर चांगली हाय. पोर मागं वळून बगतीया का वो?"

त्या धुक्यात मला टॅक्सीची काचसुद्धा दिसत नव्हती.

"हो," मी म्हणालो, "मघापासून बघतेय."