शेवटची ओळ नसलेलं पत्रक

ज्याला बँकेने तोंडावर नाही म्हटलं, त्यालाच शोधून, फोन करून, ताई-भाऊ म्हणत कर्ज देऊ करणारा माणूस एवढा उदार कशाने झाला, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला आहे का?

मला तो पोंभुर्ण्याजवळच्या एका चक्कीच्या दारात पडला. दारावर पिवळं पत्रक चिकटवलेलं होतं. ‘स्कोअर खराब? काळजी सोडा. पर्सनल लोन घरबसल्या. आधार, पॅन आणि एक फोटो. जामीनदार नको.’ खाली एक मोबाइल नंबर. बस.

मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबा तेंदूपत्त्याच्या मजुरीसाठी, वनहक्काच्या पट्ट्यांसाठी पत्रकं काढायचे. उरलेल्या गठ्ठ्यांवर बसून आम्ही जेवायचो, त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले. बाबांचा एकच नियम होता. पत्रक हातात आलं की आधी तळाची ओळ वाचायची: कोणी काढलं, कुठे छापलं. ‘वरच्या ओळी सगळेच गोड लिहितात,’ ते म्हणायचे, ‘खाली नाव घालायला छाती लागते.’ त्या पिवळ्या कागदाला खालची ओळच नव्हती.

चक्की चाचांची; सगळं गाव त्यांना चाचाच म्हणतं. त्यांचे हात आता थरथरतात, त्यांना चंद्रपूरला मुलीकडे जायचं होतं. माझी मावशी कित्येक वर्षं त्यांच्या चक्कीवर दळण टाकते, पट्टा घसरला तर चढवते, झिजलेल्या दगडांना टाकी लावते. चाचांनी तिला सांगून ठेवलं होतं, ‘बेटी, पोळ्यापर्यंत थांबतो. मग मूल गावचा व्यापारी मशीन उचलून नेईल.’ मशीन गेली की मावशीचं काम गेलं. आणि मशीन तिनेच विकत घेतली तर आयुष्यात पहिल्यांदा ती कशाची तरी मालकीण होणार होती.

म्हणून कर्ज मागायला मी तिला घेऊन बँकेत गेले. साहेबाने स्क्रीन पाहिली.

‘बाई, तुमचा स्कोअर कमी आहे.’

‘कशाचा स्कोअर?’

‘कर्ज फेडण्याचा. फ्रिज घेतला होता ना हप्त्यावर?’

मावशी ताठ झाली. उन्हाळ्यात पोरांना बर्फाच्या कांड्या विकायला तिने तो घेतला होता. ‘त्याचा एक रुपया ठेवला नाई मी. पावती आहे घरी.’

‘फेडलेत. पण वेळेवर नाही.’

‘धान निघाल्यावर सारे एकदम भरले. वरून दंड भरला.’

‘तेच तर,’ साहेब म्हणाला.

आमच्याकडे पैसा महिन्याने येत नाही. मोहफुलांचा येतो, तेंदूपत्त्याचा येतो, मग पावसाळाभर काही येत नाही, मग धानाचा येतो. माणूस त्याच वेळी देणं देतो, आणि दुकानदारापासून डॉक्टरपर्यंत सगळे त्यालाच इमान म्हणतात. फ्रिजवाल्या कंपनीचं यंत्र मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला मावशीच्या खात्यात हात घालायचं. हात रिकामा निघाला की तेवढंच नोंदवायचं. फ्रिज विकताना दुकानातल्या एजंटने तिला सांगितलं होतं, ‘दोन-तीन महिने मागेपुढे चालते, मावशी.’ त्याचं कमिशन त्याच दिवशी त्याला मिळालं. मागेपुढे झालेलं सगळं मावशीच्या नावावर राहिलं.

साहेब वाईट माणूस नव्हता. ‘आता उगाच जागोजागी अर्ज टाकू नका, आणखी खाली जाईल,’ असं तो म्हणाला. पण ते त्याने पुढच्या माणसाच्या पासबुकाकडे हात करत म्हटलं, आणि मावशी तोवर दारात पोचली होती.

‘मले चोर म्हणून राह्यला का तो?’

‘तो नाही गं. त्याची मशीन म्हणते.’

‘मशीनले कोनं सांगितलं?’

मी स्कूटी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी ती मला न सांगता पोंभुर्ण्याच्या मोबाइल दुकानात गेली. दुकानदाराने तिच्या फोनमध्ये एकामागून एक कर्जाची अ‍ॅप टाकली आणि प्रत्येकावर अर्ज केला. एक नाही म्हणेल तर दुसरं हो म्हणेल, असा त्याचा हिशेब. सगळ्यांनी नाही म्हटलं. प्रत्येक अर्जाची चौकशी तिच्या खात्यावर चढली. कागदावर ती आता दारोदार फिरणारी गरजू बाई दिसू लागली, आणि गरजू माणसाला बँक आणखी लांब ठेवते. शिवाय प्रत्येक अ‍ॅपने विचारलं, तुमच्या फोनमधली नावं पाहू का, फोटो पाहू का. दुकानदाराने प्रत्येक वेळी हो दाबलं.

आठवडा गेला नाही तोच फोन सुरू झाले. नकार मिळालेल्या माणसांचे नंबर कुणीतरी विकतं, असा माझा संशय आहे. पुरावा नाही. पण पिवळ्या पत्रकावरच्या नंबरला मावशीने एकदाही फोन केला नव्हता, आणि त्याच नंबरवरून तिला फोन आला. मी तेव्हा चक्कीवरच होते. तिने स्पीकर लावला.

‘अभिनंदन ताई. तुमचं लोन मंजूर झालं.’

‘माझा स्कोअर खराब आहे ना?’

‘आम्ही स्कोअर नाही पाहत ताई, माणूस पाहतो.’

हे वाक्य बाबांच्या एखाद्या पत्रकात शोभलं असतं. मला राग आला तो त्याचाच.

‘फक्त फाइल चार्ज भरा. आज सायंकाळपर्यंत. नाहीतर फाइल बंद होते.’

मी फोन घेतला. ‘चार्ज कर्जातूनच कापून घ्या ना.’

‘आपण कोण?’

‘भाची.’

‘मॅडम, कर्ज ताईंना पाहिजे की तुम्हाला?’

‘तुमचा पत्ता सांगा. चार्ज हातात आणून देते.’

तो जराही अडखळला नाही. ‘चंद्रपूरचं ऊर्जानगर. वीज केंद्राच्या मेन गेटसमोर, दुसरा माळा. या ना मॅडम. पण फाइल सायंकाळपर्यंतच.’

फोन ठेवल्यावर मावशी पिठाचा डबा झाडत म्हणाली, ‘तुले देवळातल्या देवावरही शक येते. तुह्या बापानं पत्रकं वाटून सारं गाव जागं केलं. पन चक्की नाई घेऊन देल्ली कोनाले.’

ते खरं होतं. मी स्कूटीची चावी उचलली. ‘मी येईपर्यंत पैसे टाकू नको.’

‘हाव.’

ऊर्जानगरला पोचले तेव्हा पाळी सुटली होती. कंपनीच्या बसेस भरत होत्या, बाइकची रांग गेटमधून बाहेर पडत होती. गेटसमोर भिंत होती, भिंतीला लागून चहाची टपरी, आणि तिच्यावर आभाळ. दुसरा माळा सोडा, पहिलाही नव्हता.

मी विचारायच्या आधीच चहावाला म्हणाला, ‘लोनवाले शोधून राह्यल्या का?’

‘तुम्हाला कसं कळलं?’

‘सारे असेच वर पाह्यतात. मांगच्या हप्त्यात सावली गावचे एक मास्तर आले होते. त्याच्या आंधी नवरा-बायको, लेकरू घेऊन.’

‘मग तुम्ही पोलिसांना सांगितलं नाही?’

‘मी काऊन सांगू? मी चहा विकतो.’

मी मावशीला फोन लावला. लाइन व्यस्त होती. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. तिथेच माझ्या लक्षात आलं की तो तिच्याशी बोलत असणार. मी रस्त्यावर असताना तिला एकटं गाठता यावं म्हणूनच त्याने मला एवढा लांबचा पत्ता दिला होता.

परत आले तेव्हा चक्की सुरू होती. मावशीच्या भुवयांवर पीठ होतं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

‘पत्ता भेटला?’

‘नाही.’

‘मले वाटलंच होतं.’

‘टाकले पैसे?’

तिने मशीन बंद केली. ‘टाकले.’

तेंदूपत्त्याचे होते ते. चाचांना बयाणा द्यायला तिने बाजूला ठेवलेले.

‘वाटलं होतं, तर टाकले काऊन?’ रागाच्या भरात मीही तिच्याच बोलीत बोलले.

‘खोटा असन, हे वाटत होतं मले,’ ती हळूच म्हणाली. ‘पन खरा असला तर?’

हे लोक नेमका त्याच वाक्यावर धंदा करतात. ज्याला दुसरं दार उघडं आहे, तो असं म्हणत नाही.

सकाळी पुन्हा फोन. आता विम्याचा चार्ज.

‘आधी पत्ता सांग, भाऊ,’ मावशी म्हणाली. ‘माह्या भाचीले भेटला नाई तुहा माळा.’

गोड आवाज उतरला. तुमच्या आधारचा फोटो आमच्याकडे आहे, तुमच्या फोनमधली सगळी नावं आमच्याकडे आहेत, बघून घेऊ. मावशीने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. पैसे अडवता येतात का विचारायला आम्ही आधी बँकेत गेलो, मग पोलीस ठाण्यात. हवालदाराने तक्रार लिहून घेतली, पण त्याआधी पैसे का टाकले, हे तिला पुन्हा पुन्हा विचारलं, जणू गुन्हा तिनेच केला होता. पैसे आजवर परत आलेले नाहीत.

चाचांना कळलं तेव्हा ते बाजेवरून उठून बसले. ‘मुझे क्यों नहीं बोली?’

‘तुमाले काय सांगू? तुमचेच तर द्यायचे होते.’

चाचा म्हणाले, धान निघाल्यावर अर्धे दे, तेंदूपत्त्याला अर्धे. तोवर चक्की चालव. त्यांच्या मुलीला हे पसंत नाही. तिचा मला राग येत नाही, बापाचं म्हातारपण त्या पैशांवर आहे. व्यापाऱ्याचा माणूस अजूनही येऊन मशीन बघून जातो. धान हातचं गेलं तर काय, हे आमच्यापैकी कुणीच बोलत नाही.

मी कागद करायला लावला. दोघांची नावं, साक्षीदार, गाव, तारीख.

‘चाचावरही शक?’ मावशी म्हणाली.

‘चाचांवर नाही. त्यांच्यानंतर जो येईल त्याच्यावर.’

बँकेतून मी एवढं विचारून घेतलं की स्वतःचा स्कोअर आपल्याला वर्षातून एकदा फुकट पाहता येतो, आणि चुकीची नोंद असेल तर तक्रार करता येते. मावशीने तो पाहिला. फ्रिजच्या पुढे मोबाइल दुकानातल्या त्या सगळ्या अर्जांच्या चौकश्या ओळीने लागल्या होत्या. पुन्हा कर्ज मागायचं तर वाट पाहावी लागेल. तिचा फोन अजून वाजतो. आणि एसटी स्टँडवर आता गुलाबी पत्रक लागलंय, नंबर नवा, मजकूर तोच.

तुमच्या गावच्या खांबावर, चक्कीवर, दवाखान्याच्या भिंतीवर असं पत्रक दिसलं तर ते नुसतं फाडून टाकू नका. काढून येत्या ग्रामसभेत घेऊन जा आणि मोठ्याने वाचा, तळापासून वर. खाली नाव-पत्ता नसेल तर विचारा, याला इथे कोण ओळखतं? सभेत एखादी बाई मान खाली घालून बसलेली असेल. तिला आधी बोलू द्या, आणि ती बोलत असताना कुणालाही हसू देऊ नका.