मांडीमागचा खड्डा

द्वारकाअक्का टेबलावर पालथ्या झोपल्या होत्या. मी म्हटलं, “गुडघा वाकवा. टाच वर आणा.”

डावी टाच सहज वर आली. उजवी जेमतेम उचलली, थरथरली आणि खाली पडली.

नव्वदच्या दशकात मी धुळ्याच्या एका हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट होते. अक्का शिंदखेड्याजवळच्या एका गावाहून आल्या होत्या. मिरची तोडण्यात त्यांचा हात धरणारी बाई गावात नव्हती. डोक्यावर मिरचीची पाटी घेऊन ओल्या बांधावरून उतरताना त्यांचा उजवा पाय पुढे घसरला. गुडघा ताठ राहिला आणि अंग पुढे झुकलं. मांडीत फाटकन वाजलेलं त्यांना स्वतःला ऐकू आलं होतं.

“फोटो काढा व्हता मॅडम,” त्यांचे यजमान नामदेवभाऊ म्हणाले. “हाड बठ्ठं चांगलं शे म्हने. मंग आम्ही तेल लाईसन चोळत ऱ्हायनूत.”

असे दोन महिने गेले होते.

मी नितंबाखाली बोटं दाबली. तिथे दोरीसारखं कडक काहीतरी लागायला हवं. बोटं खड्ड्यात गेली. खाली, मांडीच्या मध्यावर, गोळा होता.

मांडीच्या मागे तीन स्नायू असतात. त्यांना हॅमस्ट्रिंग म्हणतात. आपण ज्या हाडावर बसतो, तिथून ते निघतात आणि गुडघ्याखाली जाऊन चिकटतात. गुडघा वाकवणं, मांडी मागे खेचणं ही त्यांची कामं. आणखी एक काम लोकांना माहीत नसतं. आपण कमरेतून वाकतो तेव्हा धड पुढे कोसळू नये म्हणून हेच स्नायू मागून धरून ठेवतात. अक्कांचे तिन्ही वरच्या हाडापासून सुटले होते. एक्स-रेमध्ये स्नायू दिसत नाहीत.

मी सर्जनना बोलावलं. त्यांनीही खड्डा चाचपला.

“सर, ऑपरेशन करून परत जोडता येईल?”

“लगेच आल्या असत्या तर प्रयत्न केला असता. आता स्नायूचा हाडापासून सुटलेला टेंडन आखडून खाली गेलाय. सायटिक नसेला चिकटला असणार. सोडवताना नसेला धक्का लागला तर पाऊलही लुळं पडेल.”

तरी त्यांनी मुंबईच्या एका मित्राला फोन केला. फोनवरचं बोलणं लवकर संपलं. सर माझ्याकडे बघून म्हणाले, “तुम्हाला जमेल ते करा.”

मी नितंबाच्या स्नायूंचे व्यायाम दिले. अक्का एकही दिवस चुकल्या नाहीत. हळूहळू काठी सुटली. सपाट रस्त्यावर त्या बऱ्या चालू लागल्या. पण मी जमिनीवर रुमाल टाकून उचलायला सांगितला की अर्ध्यातच तोल जायचा आणि त्या टेबल पकडायच्या. जास्त वेळ बसलं की त्याच हाडावर कळ यायची. महिने उलटले, तरी यात फरक पडला नाही.

शेवटच्या दिवशी नामदेवभाऊंनी विचारलं, “मंग मिरचीले कधी जाई ती?”

मी खरं ते सांगितलं. ते बाहेर जाऊन ओट्यावर बसले.

अक्का पदर सारखा करत होत्या. म्हणाल्या, “मॅडम, बसनं नही, वाकनं नही. उभ्यानं करता यी असं वावरमा काय काम शे?”

मी लावणी, निंदणी, तोडणी असं एकेक काम आठवून पाहिलं. सगळी वाकून नाहीतर बसूनच करायची होती.

एवढं मात्र तेव्हापासून प्रत्येक पेशंटला सांगते. मांडीत आवाज झाला आणि मागचा भाग काळानिळा पडला, तर चोळू नका. एक्स-रे चांगला आला तरी पुन्हा दाखवा, आणि लगेच दाखवा. बहुतेक जण मान डोलावतात आणि तेल कुठलं लावायचं ते विचारतात.